कोरड्या बियांना फ्रीझरमधला हिवाळा कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: एक ताई मूळच्या नाशिकच्या, नवऱ्याबरोबर कुलू खोऱ्यात साधारण २००० मीटर उंचीवर लीजवर घर घेऊन होमस्टे चालवतात. घरामागच्या उतारावर झाडं लावायची म्हणून त्यांनी देवदार, कैल (निळा पाइन) आणि रई (हिमालयातला स्प्रूस) यांचं बी शरद ऋतूत गोळा केलं, चीडचं (हाही एक पाइनच) बी खालच्या गावातल्या ओळखीच्यांनी आधीच उन्हाळ्यात काढून ठेवलं होतं. डिसेंबरच्या शेवटी सगळं एकाच दिवशी ट्रेमध्ये पेरलं, ट्रे तंदूरच्या खोलीत ठेवले (पहाडात घर गरम करायची लोखंडी शेगडी असते तिला तंदूर म्हणतात), रोज पाणी घातलं. चीड तीन आठवड्यांत भसाभस वर आला. देवदार निम्मा आला, उरलेल्याला बुरशी लागली. रईची चारदोन रोपं दिसली आणि कैलाचं एकही नाही. कैलाचं थोडं बी "हिवाळा द्यायचा असतो" असं व्हिडिओत ऐकून काड्यापेटीत घालून दीड महिना फ्रीझरमध्ये ठेवलं होतं, ते पेरलं तरी काही नाही. नवरा म्हणतो, नर्सरीतून रोपं आण आणि मोकळी हो. शेजारच्या अम्मा म्हणतात, बर्फ पडायच्या आधीच मातीत टाकायचं होतंस. सासूबाई फोनवर म्हणाल्या, काहींच्या हाताला गुण नसतो. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि ताई विचारतात, बी खराब निघालं का, ट्रे फेकून देऊ का, आणि परत करायचं तर कसं?

ताई, आधी ते हातगुणाचं प्रकरण निकालात काढू. ज्या हातांनी चीड पेरलात त्याच हातांनी, त्याच दिवशी, त्याच मातीत कैल पण पेरलात ना? मग एका ट्रेपुरता गुण आला आणि दुसऱ्या ट्रेला गेला असं कसं होईल. सासूबाईंशी फोनवर वाद घालू नका, पण मनावरही घेऊ नका. मला विचाराल तर तुमचे चार ट्रे म्हणजे घरबसल्या झालेला झकास प्रयोग आहे, फक्त त्याचा निकाल तुम्ही "मी नापास" असा वाचलात.

आपल्याकडे बी उगवणं म्हणजे काय, तर मटकीला मोड आणणं. भिजवा, फडक्यात बांधा, उबेला ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड, आणि नाही आले तर अजून जरा उबेला ठेवा. तुम्ही ट्रे तंदूरजवळ नेलेत ते याच हिशोबाने. पण ओल आणि ऊब मिळाली की लगेच उगवायचं हा मटकीचा स्वभाव माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून घडवलाय. जंगलातल्या बियांना इतकं भोळं राहून चालत नाही.

चीडचंच बघा. तो खालच्या पट्ट्यातला, साधारण ५०० ते २००० मीटर. त्याचे शंकू एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघडतात, बी खाली पडतं आणि थोड्याच दिवसांत पावसाळा लागतो. ओल आणि ऊब एकदमच हजर, पुढे वाढायला दोन-तीन महिने हातात, मग थांबायचं कशाला. म्हणून चीडच्या बियांत सुप्तावस्था, म्हणजे ओल-ऊब मिळूनही न उगवता थांबून राहणं, जवळजवळ नसतेच. तुमच्या तंदूरच्या खोलीत त्याला वाटलं जुलै लागला.

कैलाचं उलटं आहे. तो त्याच डोंगरावर पण वर, आणि त्याचं बी सुटतं सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान. आता कुलूचा ऑक्टोबर तुम्हाला माहितीये, दुपारी कसं छान कोवळं ऊन असतं, जमिनीत पावसाळ्याची ओल थोडी शिल्लक असते. त्या उबेला भुलून बी उगवलं तर डिसेंबरात त्या दोन इंची रोपाचं काय होईल? म्हणून कैलाच्या बियांना नुसती ऊब पुरत नाही. आधी ओलसर अवस्थेत कित्येक आठवड्यांची थंडी जायला लागते, मग येणारी ऊब खरी असं ते बी धरतं. रई आणि तोसचंही (तोस म्हणजे आपल्याकडचा फर) साधारण हेच, कमी-जास्त प्रमाणात. देवदार मधला, त्याची सुप्तावस्था सौम्य, थंडी न मिळता पण बरंचसं बी उगवतं, फक्त मागेपुढे उगवतं आणि तेवढ्या वेळात रेंगाळलेल्यांना बुरशी गाठते. तुमच्या ट्रेत नेमकं हेच झालंय.

आता फ्रीझरचं, कारण हे विचारणारी पत्रं मला दर हिवाळ्यात येतात. "थंडी द्यायची" हे अर्धंच वाक्य आहे. थंडी द्यायची ती ओल्या बियांना. नीट वाळलेल्या बीत पाणी असतं जेमतेम ५ ते ८ टक्के, आणि एवढ्या पाण्यात आतला कारभार जवळजवळ बंद असतो. उणे १८ अंशांना ठेवलंत तर पाइन आणि स्प्रूसचं बी वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं, जगभरच्या बीज बँका ते असंच साठवतात. म्हणजे काड्यापेटीतल्या कैलाला तुम्ही हिवाळा नाही दिलात, साठवून ठेवलंत फक्त. बाहेर काढल्यावर ते जिथे होतं तिथेच होतं.

बी भिजलं आणि आतलं पाणी ३० टक्क्यांच्या आसपास गेलं की गोष्ट बदलते. पेशी जाग्या होतात पण थंडीमुळे संथ चालतात, आणि त्या संथपणात हळूहळू उगवू न देणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल कमी पडत जातं आणि उगवायला लावणाऱ्या जिबरेलिनचा जोर वाढतो. याला आठवडे लागतात, घाई करून होत नाही. तापमान लागतं साधारण २ ते ५ अंश. आणि म्हणून ओलं बी फ्रीझरमध्ये ठेवणं तर अजून वाईट, कारण भिजलेल्या पेशीत बर्फाचे स्फटिक झाले की पेशी फुटते आणि बी मरतं. मग बर्फाखाली कसं जगतं, असं तुम्ही म्हणाल. तर बर्फाचा चांगला जाड थर असला की खाली जमीन शून्याच्या आसपासच राहते, वर हवा उणे दहा का असेना. ओल कायम, तापमान शून्याच्या जरा वर, चार महिने हालचाल नाही. शेजारच्या अम्मांनी कुठलं पुस्तक न वाचता तेच सांगितलं तुम्हाला.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती जरा सविस्तर सांगते. सुप्त बी म्हणजे अजिबात न उगवणारं बी असं नाही. पुष्कळदा ते एका छोट्या पट्ट्यातच उगवायला तयार असतं, म्हणजे दिवसा पंचवीस-तीस अंश, रात्री वीस, भरपूर उजेड, असं सगळं जुळलं तर, आणि तेही संथपणे, थोडंथोडं. तुमची रईची चारदोन रोपं म्हणजे त्या पट्ट्यात बसलेली मंडळी. ओली थंडी मिळाली की हा पट्टा रुंद होतो. मग तेच बी बारा-पंधरा अंशांना पण उगवतं, उजेड कमी असला तरी उगवतं, आणि मुख्य म्हणजे सगळं आठ-दहा दिवसांच्या आत उगवतं. त्यामुळे थंडी दिलेल्या ट्रेला तंदूरची गरजच उरत नाही. उलट भिजलेलं बी जास्त गरम झालं, पस्तीसच्या पुढे वगैरे गेलं, तर ते परत झोपी जाऊ शकतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून थंडी द्या. तंदूरच्या पत्र्याजवळ ट्रे किती तापत होता ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा, अंदाज करू नका.

पाण्याबद्दल पण तुमची समजूत जरा तपासायला हवी. रोज पाणी घातलं म्हणजे काळजी घेतली असं आपल्याला वाटतं. पण भिजलेलं बी श्वास घेतं. माती गच्च झाली आणि बीभोवती पाण्याचा थर बसला की हवा पोचत नाही आणि बुरशीचं फावतं. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी, पण बोटांतून पाणी निथळायला नको, एवढीच ओल पुरे.

आता बी खराब होतं का, हा तुमचा प्रश्न. याचं उत्तर पाच मिनिटांत तुम्हीच काढू शकता. उरलेल्यातलं दहा-वीस बी घ्या, रात्रभर भिजवा आणि ब्लेडने उभं कापा. आत पांढरा, भरलेला, घट्ट गर आणि मधोमध काडीसारखा गर्भ दिसला तर बी चांगलं. आत पोकळ असेल, किंवा गर पिवळट-तपकिरी होऊन खवट वास येत असेल तर त्याला कितीही थंडी द्या, काही होणार नाही. देवदार आणि तोसमध्ये हे कापून बघणं जास्तच गरजेचं आहे, कारण परागण झालं नाही तरी त्यांचं बी बाहेरून पूर्ण आकाराचं वाढतं आणि आत रिकामं राहतं, वरून कळतच नाही. म्हणून मंदिराजवळच्या एकट्या देवदाराखालचं बी वेचू नका, दहा-वीस झाडांच्या घोळक्यातलं घ्या. पाण्यात बुडवून तरंगणारं टाकून द्यायची पद्धत असते ना, ती या दोघांच्या बाबतीत बेभरवशाची आहे, त्यांच्या सालीत राळेच्या बारीक पिशव्या असतात. त्या पिशव्यांमुळेच पंख काढताना बी चोळायचं नाही. राळ फुटून आत गेली की गर्भ बिघडतो. तळहातावर घेऊन बघा, जोरात चोळलेल्या बीने हात चिकट होतो आणि टर्पेंटाइनसारखा वास येतो, तसं झालं तर समजा जरा जास्तच चोळलं. देवदाराचं बी तेलकट असतं, साध्या खोलीत उघडं राहिलं तर पुढच्या हंगामापर्यंतसुद्धा त्याचा भरवसा नाही, त्यामुळे देवदार त्याच वर्षी वापरा. आणि जंगलातून आणलेलं बी हे पण वनोपज धरतात बरं का, वनखात्याच्या बीट गार्डला विचारून घेतलेलं बरं.

परत करायचं तर तीन रस्ते आहेत.

पहिला अम्मांचा. नोव्हेंबरात, जमीन कडक व्हायच्या आधी, उत्तरेकडच्या सावलीच्या बाजूला वाफा करायचा, भरड वाळू आणि कैलाखालची काळी माती मिसळायची (त्या मातीत मुळांबरोबर राहणारी बुरशी असते, ती चांगली बुरशी, रोपांना लागते), बी त्याच्या जाडीइतकंच मातीआड करायचं आणि वर सुया (या झाडांची सुईसारखी पानं) पसरायच्या. उंदीर आणि पाखरांसाठी बारीक जाळी हवीच, ही एक गोष्ट अम्मा सांगायला विसरल्या असतील. तुमच्याकडे बर्फ टिकतो तोवर हा सगळ्यात कमी कटकटीचा उपाय आहे. अडचण एकच, २००० मीटरवर हल्ली काही वर्षं बर्फ धड पडत नाही, आणि कोरडा हिवाळा गेला तर बियांना थंडी मिळते पण ओल मिळत नाही, म्हणजे काड्यापेटीचाच प्रकार. तसं वर्ष दिसलं तर पंधरवड्यातून एकदा वाफ्यावर झारीने पाणी मारा.

दुसरा रस्ता फ्रीजचा. बी २४ तास साध्या गार पाण्यात भिजवा, कैल असेल तर ४८ तास, पाणी एकदा बदला. मग निथळून जुन्या टॉवेलवर पसरा, वरची चकाकी जाईपर्यंत. साल ओलसर पण चमकत नाही, ही खूण लक्षात ठेवा. यात जास्तीचं पाणी निघून जातं आणि फ्रीजमध्येच मोड फुटायचा धोका कमी होतो. असं बी झिपच्या पिशवीत, थोडी हवा ठेवून, भाजीच्या कप्प्यात. पिशवीवर झाडाचं नाव आणि तारीख. आठवड्यातून एकदा उघडा, हलवा, वास घ्या. देवदाराला दोन-तीन आठवडे पुरतात, रईला तीन-चार, तोसला एक ते दोन महिने, कैलाला दीड ते तीन महिने. चीडला काहीच नको, एक दिवस भिजवा आणि पेरा. मुदतीआधीच एखाद्या बीतून पांढरं टोक दिसलं तर मुदत बघत बसू नका, पेरून टाका. होमस्टेचा फ्रीज आहे, पाहुण्यांच्या दुधाशेजारी बियांची पिशवी नको असं वाटत असेल तर जानेवारीत तुमच्याकडची न तापवलेली सामानाची खोली पण चालते, फक्त तापमान शून्याखाली जात नाही ना ते बघा.

मार्च-एप्रिलमध्ये पेरलेल्या अशा बीला पंधरा-वीस अंशांची खोली, रात्री थोडी गार, एवढं बास. देवदार उगवताना एकदा जवळून बघाच, रोप बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन वर येतं, मग टोपी पडते आणि खालून दहाएक हिरव्या सुया छत्रीच्या काड्यांसारख्या उघडतात. ती टोपी बोटाने ओढून काढायचा मोह होतो, काढू नका, सुयांची टोकं तुटतात. पाखरं पण त्या टोपीलाच चोच मारतात, जाळी तेव्हाही राहू दे.

तिसरा रस्ता तुमच्या नवऱ्याचा, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. मागचा उतार पावसात सुटत असेल तर तुम्हाला झाडं हवीयत याच पावसाळ्यात, आणि आज पेरलेला देवदार दोन-तीन वर्षांनी कुठे लावण्याजोगा होतो. मग उतारासाठी वनखात्याच्या नर्सरीतली तयार रोपं घ्या, तिथे बियांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. बी पेरणं तुम्ही स्वतःसाठी करताय, शिकायला, आवड म्हणून, आणि त्यात काही चूक नाही, पण मग त्याच्यावर उताराची जबाबदारी टाकू नका. मला वाटतं तुमच्या घरातला अर्धा वाद हे दोन हेतू एकात मिसळल्यामुळे आहे. आणि हो, जमीन लीजवर आहे. देवदार शेकडो वर्षं जगतो आणि हिमाचलात खासगी जमिनीतला देवदारही परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे कुठे लावताय ते घरमालकाला आधी दाखवा, भिंतीपासून दहा फुटांवर लावून ठेवलात तर पुढे तेच तुम्हाला नावं ठेवतील.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. मनालीहून शंकू आणून पुण्या-नाशकात पेरणाऱ्यांनी ऑक्टोबरात फ्रीजचा उपाय करून नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलं तर देवदार उगवेल, त्यात अवघड काही नाही, पण एप्रिलच्या उन्हात तो टिकवणं हे खरं काम आहे आणि बहुतेकांचं तिथेच संपतं. सूचिपर्णी झाडच हवं असेल तर आपली मोरपंखी त्याच गटातली आहे, तिच्या बियांचे फारसे नखरे नाहीत. सोसायट्यांमध्ये ख्रिसमस ट्री म्हणून असतं ते अरोकेरिया, त्याचं बी मिळालं तर ठेवून देऊ नका, ताजंच पेरायचं. अमेरिका-कॅनडातून लिहिणाऱ्यांनी, डग्लस फरला साधारण तीन आठवड्यांची ओली थंडी पुरते. लॉजपोल पाइनचे शंकू मात्र बऱ्याचदा राळेने बंद असतात, तसे असले तर आधी पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या वर गरम केल्याशिवाय बीच हाताला लागत नाही, जंगलात ते काम वणवा करतो. आणि कुणी रखालच्या, म्हणजे यूच्या मागे लागलं असेल तर त्याला आधी काही महिने ऊब आणि मग थंडी लागते, दुसऱ्या वर्षी उगवला तरी नशीब.

राहता राहिले तुमचे ट्रे. चीडची रोपं आत उजेडात ठेवा, त्याचं मूळ सरळ खोल जातं म्हणून लांब पिशव्यांत हलवा आणि एप्रिल उजाडेपर्यंत बाहेर काढू नका, गारठा बाधेल. देवदाराच्या ट्रेतलं बुरशी आलेलं बी चमच्याने काढून टाका, उरलेल्यांना पाणी वरून नको, खालून ताटलीत द्या. कैलाच्या ट्रेत बोट घालून पाच-सहा बिया वर काढा आणि दाबून बघा. मऊ होऊन पिचकल्या तर तो ट्रे रिकामा करा. टणक असतील तर कापून बघा, आणि आत पांढरं दिसलं तर आजच तो ट्रे तंदूरच्या खोलीतून उचलून उत्तरेच्या बाजूला, जाळीखाली, जमिनीला टेकवून ठेवा. काड्यापेटीतल्या बियांचा ट्रे पण त्याच्याशेजारी जाऊ दे. मार्चअखेरपर्यंत अजून चार-पाच आठवडे तुमच्याकडे थंडी आहे, त्यात काही बी एप्रिल-मेमध्ये वर येईल. जे नाही येणार ते पुढच्या हिवाळ्यानंतर येऊ शकतं, तोवर माती फक्त पूर्ण सुकू देऊ नका.